फायबरचा साकव जरूर बांधा, पण लोखंडाच्या हिशेबाने नको

प्रति,
कोकण किनाऱ्यावरच्या साकवांचे आणि पुलांचे आराखडे करणारे, तपासणारे आणि त्यावर सही करणारे सर्व अभियंते

सप्रेम नमस्कार.

आमच्या वाडीतून शाळेकडे जायला आठ मीटरचा एक साकव आहे. खाडीचं भरतीचं पाणी दिवसातून दोनदा त्याच्याखाली वर चढतं. नोकरीत असताना तो मीच बांधून घेतला. नकाशावर कव्हर, म्हणजे सळईबाहेरचा काँक्रीटचा थर, ४० मिमी लिहिलेलं होतं. प्रत्यक्षात ओतकामाच्या दिवशी कव्हर ब्लॉक कमी पडले, कोणीतरी खडीचे तुकडे सळईखाली सरकवले, पाऊस दारात उभा होता आणि मी मान हलवली. पंधरा वर्षांत स्लॅबच्या खालच्या अंगाचे पोपडे सुटले. निवृत्तीनंतर एकदा ओहोटीला खाली उतरून बघितलं, तर १२ मिमीची सळई बोटात धरून पापडासारखी मोडता आली. कंत्राटदाराला शिव्या घालणं सोपं आहे, पण सही माझी होती. म्हणून हे पत्र साहेबी थाटात लिहीत नाही. जे चुकलं ते माझ्याच हातून चुकलं आहे, एवढं आधी सांगतो.

गेल्या काही महिन्यांत ओळखीच्या दोन-तीन तरुण अभियंत्यांनी मला एकच प्रश्न विचारला: किनाऱ्यावरच्या कामात लोखंड काढून फायबर टाकलं तर? म्हणजे काँक्रीटमध्ये काचतंतूंची सळई, किंवा अख्खा साकवच काचतंतू आणि रेझिनच्या (तंतूंना चिकटवून धरणाऱ्या राळेच्या) तयार गर्डरांचा. माझं उत्तर ‘हो’ आहे. पण त्यांच्या हातातली आकडेमोड बघितली आणि पोटात गोळा आला. लोखंडाचं अंदाजपत्रक घ्यायचं, ‘सळई’ या शब्दाआधी ‘फायबर’ लिहायचं, व्यास तोच ठेवायचा किंवा ‘ताकद दुप्पट आहे’ म्हणून कमीच करायचा. हे असं झालं तर दहा वर्षांनी आपण फायबरलाही बदनाम करून ठेवू.

लोखंडाला इथे काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. ताज्या काँक्रीटच्या अल्कलीत सळईवर एक पातळ संरक्षक थर बसतो. खाऱ्या वाऱ्यातलं क्लोराइड काँक्रीटमधून मुरत सळईपर्यंत पोचलं की तो थर फुटतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो आणि काँक्रीट आतून फोडतो. पणजीचा मांडवीवरचा नेहरू पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला तेव्हा तो जेमतेम पंधरा-सोळा वर्षांचा होता. पूर्वताणित केबलींना, म्हणजे काँक्रीट आवळून धरणाऱ्या ताणलेल्या पोलादी तारांना, लागलेला गंज हे त्याचं कारण. ठाण्याच्या खाडीवरच्या पहिल्या पुलाच्या केबलींनीही असाच लवकर दगा दिला. समुद्राजवळ आपण लोखंड पुरतो ते मुदतीवर पुरतो, फक्त मुदत कुठे लिहून ठेवत नाही.

एक गोष्ट मात्र कृपा करून करू नका. फायबरची बाजू मांडताना सावित्री नदीवरच्या पुलाचं नाव घेऊ नका. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडला जो पूल गेला तो दगडी कमानींचा होता, त्यात गंजायला सळईच नव्हती. पुरासमोर पाया आणि खांब टिकतात की नाही हा प्रश्न वेगळा, आणि तो फायबरने सुटत नाही. एका बैठकीत सावित्रीचा फोटो दाखवून ‘न गंजणारी सळई’ विकताना मी एकाला ऐकलं आहे. त्याला तिथे कोणी टोकलं नाही, मीसुद्धा नाही. ते राहून गेलेलं टोकणं आज लिहून टाकतो.

आता मूळ मुद्दा. फायबरची ताकद आणि फायबरचा ताठपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांतली दुसरी आपल्याला भोवणार आहे. काचतंतूंची सळई ताणात ६०० ते १००० मेगापास्कल घेते. आपली नेहमीची सळई ५०० ला नमते. कागदावर फायबर जिंकलं. पण ताठपणाचं माप म्हणजे मोड्युलस. लोखंडाचा तो २०० गिगापास्कल, आणि काचतंतूंच्या सळईचा ४० ते ६०. साच्यातून ओढून काढलेल्या गर्डरांचा तर २५ च्या आसपास. म्हणजे तेवढ्याच भाराला लोखंडाच्या आठपट वाक.

करून बघा. १२ मीटर गाळा (दोन टेकूंमधलं अंतर), दीड मीटर रुंद साकव, दोन गर्डर, माणसांचा भार चौरस मीटरला ५०० किलो. लोखंडाचा आयएसएमबी ४५० (४५० मिमी उंचीचा तयार गर्डर) घेतला तर या भाराने मध्यावर साधारण १७ मिमी वाक येते. त्याच आकाराचा फायबरचा गर्डर ठेवला तर १३० मिमीच्या वर. गंमत अशी की त्या वेळी गर्डरमधला ताण जेमतेम ५० मेगापास्कल असतो. आडवं लचकणं आणि सांधे बाजूला ठेवले, तर ताकदीच्या तक्त्यात हा गर्डर चार-पाच पटींनी सुरक्षित दिसेल, तपासणारा हिरवी खूण करील आणि साकव मात्र झोपाळ्यासारखा खाली येईल. गाळ्याच्या पाचशेव्या भागाची मर्यादा धरली, तर तुमच्या हातात फक्त २४ मिमी आहेत. शिवाय फायबरच्या गर्डरात कातरणामुळे येणारी वाक वेगळी मोजावी लागते, कारण त्याचा कातर-मोड्युलस ३ गिगापास्कलच्या आसपासच असतो. लोखंडात आपण ती सोडून देतो, आणि ती सोडायची सवय हाताला लागलेली असते.

म्हणून फायबरचा आराखडा वाकेपासून सुरू करायचा. वाक बसली की ताकद बहुतेक वेळा आपोआप बसते. आपण आजवर उलट्या टोकाने सुरुवात करत आलो.

दुसरी गोष्ट, मोडण्याची. लोखंड आधी नमतं, लांबतं, मग तुटतं. फायबर सरळ रेषेत ताण घेत जातं आणि शेवटी एकदम तुटतं, मधे नमण्याचा टप्पाच नाही. आमच्या बंदरावरच्या एका म्हाताऱ्या तांडेलाने हे मला कुठल्याही पुस्तकापेक्षा नीट सांगितलं. त्यांच्या दोन होड्या लाकडाच्या होत्या, मग फायबरच्या झाल्या. म्हणाले, “लोखांड कुरकुरता, लाकूड करकरता. ह्यां फायबर काय एक बोलना नाय. गप ऱ्हवता आनि एक दिवस फाट करून जाता.” काँक्रीटमध्ये हे थोडं सांभाळता येतं. सळई इतकी घालायची की आधी काँक्रीट चिरडेल, सळई तुटणार नाही. लोखंडाच्या बाबतीत हाच आराखडा आपण चुकीचा मानायला शिकलो, इथे तोच जास्त शहाणपणाचा आहे. असा स्लॅब पडण्याआधी भरपूर वाकतो, भेगा दाखवतो. तेवढीच त्याची हाक.

आपल्या मच्छीमारांना फायबर कळतं, हे माझं ठाम मत आहे. त्यांना विचारा. जेलकोटला, म्हणजे होडीच्या बाहेरच्या रेझिनच्या थराला, ओरखडा गेला की पाणी तिथून शिरतं, उन्हात वर्ष काढलं की पृष्ठभाग पांढरट होतो आणि हाताला कूस लागते, हे त्यांना पाठ आहे. मी एका खासगी धक्क्याच्या कामावर फायबरच्या सळयांची चळत भर उन्हाळ्यात दोन महिने उघड्यावर पडलेली बघितली. तिथलाच फिटर नेहमीच्या सवयीने पाइप लावून एक सळई वाकवायला गेला. आधी पांढरी रेघ उमटली, मग टचकन आवाज. त्याने माझ्याकडे बघून विचारलं, “साहेब, माल खराब आहे का?” माल चांगला होता. हे रेझिन एकदा घट्ट झालं की पुन्हा नमत नाही. वाकलेले तुकडे, रिंगा, हुक सगळं कारखान्यातूनच वाकवून आणावं लागतं, आणि वाकणाच्या ठिकाणी ताकद सरळ सळईच्या निम्म्याच्या आसपास धरावी लागते. तेव्हा बार बेंडिंग शेड्यूल (कुठली सळई कशी वाकवायची त्याचा तक्ता) ओतकामाच्या आदल्या रात्री नव्हे, मागणी देतानाच पक्कं पाहिजे. माझा अनुभव विचाराल तर कोकणातल्या कामांत फायबरची खरी परीक्षा रसायनशास्त्रात नाही, या एका वाक्यात आहे.

सांध्यांबद्दल सांगायचं तर आपल्याकडचा बांबू आठवा. लांबीच्या दिशेने तंतू, म्हणून त्या दिशेने जबर. आडवा खिळा ठोकला की उभा चिरतो. म्हणून आपले लोक मांडवाला खिळे मारत नाहीत, काथ्याने बांधतात. फायबरचा गर्डर हा त्याच जातीचा आहे. बोल्टसाठी भोक पाडलं की तंतू कापले जातात, आणि भोक कडेच्या जवळ असेल तर बोल्ट ओढून बाहेर येतो. भोकं आराखड्यात ठरलेली असावीत, कारखान्यात पाडलेली असावीत, कापलेल्या कडा रेझिनने बुजवलेल्या असाव्यात. आणि साकव ताब्यात दिल्यावर काय होतं ते आपण सगळे जाणतो. नळपाणी योजनेचा पाइप येतो, केबलवाला येतो, गणपतीत कमानीसाठी कोणीतरी ड्रिल घेऊन येतं. प्रत्येक साकवावर ‘भोक पाडू नये’ असा मराठी फलक लावा. हसू नका, मी गंभीरपणे लिहितोय.

तो पाण्याचा पाइप आणखी एका कारणाने महत्त्वाचा आहे. काचतंतू कायमच्या भाराखाली हळूहळू थकतात आणि नुसत्या ताकदीच्या कितीतरी खाली, वर्षांनंतर, तुटू शकतात. म्हणून अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूटच्या जुन्या मार्गदर्शिकेत काचतंतूंच्या सळईवर कायमचा ताण ताकदीच्या फक्त २० टक्के धरलेला होता. २०२२ च्या संहितेत तो ३० टक्क्यांवर आला. माणसं येतात आणि जातात. पाण्याने भरलेला पाइप रात्रंदिवस तिथेच असतो. आराखड्यात तो पहिल्या दिवसापासून धरा, कारण तो येणारच आहे.

बाहेरच्या जगातलं थोडं सांगतो, कारण बैठकीत ‘कुठे झालंय का आधी?’ हे विचारलं जातंच. जपानच्या इशिकावा प्रांतात समुद्राच्या मिठाने खाल्लेल्या जुन्या पुलाच्या जागी १९८८ मध्ये शिनमिया पूल झाला. त्यात पूर्वताणासाठी कार्बनतंतूंच्या केबली वापरल्या. स्कॉटलंडमध्ये अ‍ॅबरफेल्डीला १९९२ मध्ये टे नदीवर ६३ मीटर गाळ्याचा अख्खा फायबरचा पादचारी पूल उभा राहिला. गोल्फ खेळणाऱ्यांसाठी बांधलेला, पण त्यावरून गोल्फच्या गाड्या नेता याव्यात म्हणून १९९७ मध्ये तो मजबूत करावा लागला. वाचून मला आमचेच साकव आठवले. पायी माणसांसाठी बांधायचे, दुसऱ्या वर्षी मोटरसायकली, पाचव्या वर्षी चिऱ्याने भरलेला छोटा हत्ती.

यांतलं सगळ्यात कामाचं काम कॅनडाचं. तिथे काचतंतूंच्या सळया घातलेल्या पाच बांधकामांमधून, पाच ते आठ वर्षांनी, काँक्रीटचे गाभे कापून काढले आणि सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. अल्कलीने काचेला खाल्ल्याची खूण सापडली नाही. त्यांतला एक होता नोव्हा स्कोशियातला हॉल्स हार्बरचा धक्का. तो फंडीच्या आखातात आहे, जिथे भरती-ओहोटीचा फरक जगात सर्वांत मोठा असतो. पुरावा चांगला आहे, पण तो थंड देशाचा आहे. काचेवरची अल्कलीची आणि ओलाव्याची क्रिया उष्णतेबरोबर वेगाने वाढते. आमच्याकडे मे महिन्यातलं काँक्रीट हात लावू देत नाही आणि जूनपासून चार महिने ते सुकत नाही. कॅनडाच्या गाभ्यावर कोकणचा साकव मंजूर करणं मला पटत नाही. कोकणचा गाभा कोकणातच काढला पाहिजे.

आपल्याकडे नियमांचा आधार आता आहे. काचतंतूंच्या सळईसाठी भारतीय मानक ब्युरोचं आयएस १८२५६ हे २०२३ चं मानक आहे, रस्ते प्रकल्पांत फायबरच्या सळया वापरण्याविषयी इंडियन रोड्स काँग्रेसची मार्गदर्शिका आयआरसी १३७ आहे. ‘नियम नाहीत म्हणून करता येत नाही’ ही पळवाट गेली. तशीच ‘फायबर म्हणजे फायबर, कुठलाही चालेल’ हीसुद्धा. पॉलिएस्टर रेझिन स्वस्त पडतं, पण काँक्रीटच्या अल्कलीत व्हिनाइल एस्टर बरं टिकतं. निविदेत रेझिनचं नावच नसेल तर कंत्राटदार काय आणील हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

आता आमच्याच मुलखाच्या तीन गोष्टी, ज्या परदेशी पुस्तकांत सापडणार नाहीत.

पूर. फायबरचं वजन लोखंडाच्या चौथ्या भागाइतकं. हाच त्याचा मोठा गुण. जिथे क्रेन जात नाही अशा वाडीत दहा-बारा माणसं खांद्यावरून एकेक भाग नेऊ शकतात. पण काँक्रीटचा साकव पुरात जागेवर राहतो त्यात त्याच्या वजनाचा वाटा असतो. हलका साकव पाण्याने उचलला जातो, आणि पोकळ भागांत हवा अडकली तर जास्तच. वर ओंडके येतात. फायबरचा साकव दोन्ही काठांना खाली धरून ठेवणारे अँकर लावल्याशिवाय पावसाळ्याला सामोरा जाऊ देऊ नका.

शिमगा. रत्नागिरीकडे पालखी नाचवत साकवावरून नेतात. माणूस चालताना सेकंदाला साधारण दोन पावलं टाकतो, आणि ढोलाच्या ठेक्यावर शंभर जण ती एकत्र टाकतात. हलक्या पुलाची स्वतःची कंपनसंख्या या ठेक्याच्या जवळ आली की त्याला थरथर सुटते. अमेरिकेच्या २००८ च्या फायबर पादचारी पुलांच्या मार्गदर्शिकेत ती उभ्या दिशेने ५ हर्ट्झच्या वर ठेवायला सांगितली आहे. ते हिशेबात घ्या. गावाला ‘पालखी नाचवू नका’ सांगायला जाल तर साकव राहू दे, तुम्हालाच परत पाठवतील.

आणि भाजावळ. मार्च-एप्रिलमध्ये शेतात राब जाळतात, वणवे लागतात, साकवाखालचं सुकं गवत पेटतं. काँक्रीटच्या आत दडलेल्या सळईला त्याचं फारसं काही नाही, पण उघड्या फायबरच्या गर्डरातलं रेझिन १०० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं. म्हणून उघडे गर्डर भरतीचं पाणी पोचतं त्या जागी आधी वापरा. डोंगरउतारावरच्या वहाळांसाठी फायबरच्या सळईचा काँक्रीट स्लॅब बरा. खाली चार मीटर गवत साफ ठेवायची जबाबदारी कोणाची, हे ताबा देतानाच कागदावर लिहा.

मोठ्या खाडीपुलांकडे मी मुद्दाम आलो नाही. रेवस ते रेडी सागरी महामार्गावर खाड्या ओलांडायच्या आहेत आणि तिथे मुख्य गर्डर फायबरचे करा असं मी म्हणणार नाही. पण गर्डरांवरचा स्लॅब ही जागा फायबरसाठी चालून आलेली आहे. दोन्ही बाजूंनी गर्डरांनी धरलेला स्लॅब चाकाखाली नुसता वाकत नाही, आतल्या आत कमानीसारखा भार टेकवतो. कॅनडात १९९५ मध्ये सॅमन नदीवरच्या पुलाचा स्लॅब याच भरवशावर आतल्या लोखंडाशिवाय ओतला. तिथे सळईचा कमी ताठपणा फारसा आड येत नाही, आणि न गंजण्याचा फायदा पुरा मिळतो. आज आपण अतिक्षारीय जागी ७५ मिमी कव्हर देतो ते फक्त लोखंड वाचवायला. वजनही त्याचंच वाहतो.

माझी मागणी एवढीच. येत्या उन्हाळ्यात भरतीच्या रेषेतले चार-पाच साकव निवडा. निविदेत सळईचा व्यास नाही, वाकेची मर्यादा, कंपनसंख्या आणि रेझिनचं नाव लिहा. ताबा घेण्याआधी वाळूच्या गोण्या रचून भार द्या आणि वाक मोजा. गावासमोर मोजा, आकडा साकवावरच रंगवा. दर पाच वर्षांनी तोच भार पुन्हा द्या. प्रत्येक साकवाबरोबर त्याच मालाचे वीस-पंचवीस नमुने खाडीत, खांबाला, बांधून ठेवा आणि जवळच्या शासकीय तंत्रनिकेतनात ते ताणून बघा. तिथल्या पोरांनाही जरा खरं काम मिळेल.

नमुन्यांची सुरुवात मी करून ठेवली आहे. आमच्या धक्क्याच्या तिसऱ्या खांबाला, भरती-ओहोटीच्या मधोमध, काचतंतूंच्या सळईचे बारा तुकडे काथ्याने बांधलेले आहेत. सहा नुसते, सहा काँक्रीटमध्ये ओतलेले. बाजूला तुलनेसाठी लोखंडाचे चार होते, त्यांतले दोन राहिलेत. ओहोटीची वेळ बघून या आणि घेऊन जा.

आपला,
एक निवृत्त उपअभियंता
देवगड तालुका, जिल्हा सिंधुदुर्ग